मांजराला चिवडा चालत नाही

खाडीकाठच्या दिवाळे गावातून एक कोळीण दर दिवसाआड आमच्या बिल्डिंगमध्ये मासे विकायला यायची. तिच्या पाटीमागे करड्या पट्ट्यांची एक मांजरी चालत यायची. एका सकाळी कोळीण जिना उतरून गेली आणि मांजरी मात्र आमच्या दारात बसून राहिली. तीन मजल्यांच्या त्या बिल्डिंगमध्ये मासे न घेणारं घर आमचं एकट्याचं होतं. तिने नेमकं तेच निवडलं.

का निवडलं ते मला लगेच कळलं. माझ्या कढईत तेव्हा शेव पडत होती आणि शेंगदाण्याच्या तेलाचा वास पार खाली रस्त्यापर्यंत गेला होता.

ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. बेलापूरची आमची बिल्डिंग नवी कोरी होती, आजूबाजूला अजून खडीचे आणि मुरमाचे ढीग पडलेले होते, आणि एक वाण्याचं दुकान सोडलं तर चहाबरोबर तोंडात टाकायला काही मिळायचं नाही. साधी खारी हवी असली तरी वाशी गाठावी लागायची. आमचे हे तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टमध्ये होते. मी साताऱ्याकडची, सव्वीस वर्षांची, रिकामं बसायची सवय नसलेली. माहेरी दिवाळीचा सगळा फराळ माझ्यावर सोडून आई निर्धास्त असायची. तेव्हा मी चिवडा, शेव आणि चकली करून विकायला लागले, यात कोणाला नवल वाटलं नाही, मला तर मुळीच नाही. माझा हात चांगला होता. हे मी तेव्हाही सांगायचे आणि आताही सांगते.

सहा महिन्यांत आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधली बहुतेक घरं माझ्याकडून घ्यायला लागली. पोह्यांचा चिवडा मी कांदा घालून करायचे. कांदा पातळ चिरायचा, दोन दिवस उन्हात वाळवायचा आणि मग तळायचा, म्हणजे तो चिवड्यात कुरकुरीत राहतो. शेव दोन प्रकारची, साधी आणि लसणाची.

मांजरीला आम्ही नाव दिलं नाही. 'ये गं' म्हटलं की ती यायची, तेवढं पुरे होतं. तिला मी सकाळी दूध द्यायचे, दुपारी दुधात कुस्करलेली पोळी. बाकी तिचं पोट शेवेच्या चुऱ्यावर आणि मोडलेल्या चकल्यांवर भरायचं. शेव पाडली की सोऱ्याखाली, परातीत, पेपरवर जो चुरा उरायचा तो तिचा. ती तो इतक्या आवडीने खायची की मला अभिमान वाटायचा. जनावराला वासावरून कळतं काय चालतं आणि काय चालत नाही, असं मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. कुठे वाचलं होतं म्हणून नाही. मला तसं वाटायचं आणि मला वाटतं ते खरं असतं, असा माझा त्या वयात समज होता.

कोळणीला ते पटायचं नाही. ती दारात पाटी टेकवायची, मांजरीकडे बघायची आणि मान हलवायची. तिचं म्हणणं एकच होतं, हिला मासळी दे. मी तिला सांगितलं की आमच्या घरात मासळी येत नाही, आणि मांजरीची काही तक्रार नाही. तेव्हापासून ती जाताना एखादी मांदेली जिन्याच्या कठड्यावर ठेवून जायची. मी बघितलं न बघितलंसं करायचे.

आमच्या खाली, पहिल्या मजल्यावर, एक काका राहायचे. रत्नागिरीकडचे, पोस्टात नोकरी करून रिटायर झालेले, बायको वारलेली, मुलगा आणि सून दोघंही मुंबईला नोकरीला. त्यांना ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं आणि सुनेने ते फार मनावर घेतलं होतं. घरात लोणचं नाही, पापड नाही, फरसाण तर नाहीच. सकाळी दोघं निघून गेली की काका माझ्याकडे यायचे आणि चिवड्याचा एक पुडा घेऊन जायचे. घरात खाल्ला तर चुरा पडेल, म्हणून ते जिन्याच्या वळणावर, खिडकीतून खाडीचा वारा येतो तिथे, पेपर पसरून बसायचे. मांजरी त्यांच्याशेजारी जाऊन बसायची. मला हे माहीत होतं. सुनेला सांगायचं माझ्या कधी मनात आलं नाही. सत्तरीच्या माणसाला मूठभर चिवडा खाऊ द्यायला हरकत काय, असं माझं मत होतं आणि ते मी कोणाला विचारून बनवलेलं नव्हतं.

दिवाळीनंतरच्या थंडीत मांजरी बिघडली. आधी तिने उड्या मारणं सोडलं. ओट्यावर चढायची ती, आता खालीच उभी राहून वर बघायची. मग खाणं कमी झालं. एका सकाळी मी गॅलरीत गेले तर ती गोणपाटावर पडलेली होती आणि पोट भराभर वरखाली होत होतं, जसं पळून आलेल्या जनावराचं होतं. ती कुठे पळाली नव्हती. गोणपाटाच्या कडेला लघवी झालेली होती आणि तिचा रंग कोऱ्या चहासारखा होता. मी तिला उचललं. एरवी ती अंग चोरून निसटायची. त्या दिवशी ती फडक्यासारखी माझ्या हातावर लोंबत राहिली.

दार उघडं होतं. समोरच्या घरातल्या बाई दूध घ्यायला बाहेर आल्या होत्या, त्यांनी तिला बघितलं आणि काय झालं म्हणून विचारलं. कळत नाही, काल शेव खाल्ली तेव्हा बरी होती, असं मी म्हटलं. माझ्या तोंडून गेलेलं ते वाक्य दुपारपर्यंत दोन्ही बिल्डिंगमध्ये फिरलं, आणि फिरता फिरता त्याचं असं झालं की शेव खाल्ल्यावर हिचं मांजर मरायला टेकलं.

संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या. त्यांच्या मुलीचा साखरपुडा पुढच्या आठवड्यात होता आणि चिवड्याची मोठी ऑर्डर माझ्याकडे होती. त्या उंबऱ्याच्या बाहेरच उभ्या राहिल्या. आत या म्हटलं तर नको म्हणाल्या. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, चिवडा राहू दे, पाहुण्यांना मुंबईहून मिठाईच आणतोय. मी कारण विचारलं. त्यांनी आधी टाळलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्या मागे भिंतीशी रचलेल्या पत्र्याच्या डब्यांकडे बघितलं.

"लोक म्हणतात ते डबे तुमच्या यजमानांच्या कंपनीतले आहेत. केमिकलचे."

ते डबे वाशीच्या बाजारातले, बिस्किटांचे रिकामे डबे होते. मी एक डबा उचलून त्यांच्यापुढे धरला, आतलं झाकण उलटं करून दाखवलं, वास घ्यायला लावला. त्यांनी घेतला. हो हो, तसं काही नाही, म्हणाल्या, आणि खाली गेल्या. ऑर्डर काही परत आली नाही. आमचे हे शिफ्टवरून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते दमलेले होते, म्हणाले, दोन दिवस गप्प बस, लोक विसरतील. गप्प बसणं मला कधी जमलं नाही. माझ्या शेवेने मांजर मरत असेल तर ते मला कळायला हवं होतं, आणि मरत नसेल तर ते सगळ्यांना कळायला हवं होतं.

गुरांचा दवाखाना पनवेलच्या अलीकडे आहे एवढं मला कोळणीकडून कळलं. तिच्या भावाची बकरी तिथे नेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मी तिची एक जुनी टोपली मागून घेतली, आत मऊ लुगडं घातलं, मांजरीला ठेवलं आणि वरून फडकं बांधलं. जिना उतरताना वळणावर काका उभे होते. आज त्यांच्या हातात पुडा नव्हता. मांजर दवाखान्यात नेते म्हटल्यावर ते म्हणाले, थांब, मी चप्पल घालून येतो. मला सोबत नको होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी थांबले.

एसटीत गर्दी नव्हती. टोपली मी मांडीवर घेतली होती आणि काका सगळा वेळ एक बोट फडक्याखाली घालून बसले होते.

दवाखान्यात बैल, म्हशी, बकऱ्या आणि एक घोडा होता. डॉक्टर तरुण होते, विदर्भाकडचे असावेत बोलण्यावरून. टोपलीतून मांजर निघालेलं बघून त्यांना जरा गंमत वाटली, पण त्यांनी तिला टेबलावर घेतलं आणि वरचा ओठ अंगठ्याने उचलला तशी ती गंमत गेली. त्यांनी मला बोलावून दाखवलं. हिरड्या गुलाबी असायला हव्यात, त्या कागदासारख्या पांढऱ्या झालेल्या होत्या. अंगातलं रक्त गेलंय, ते म्हणाले. जखम आहे का, उंदराचं औषध कुठे ठेवलं होतं का, गोचिड्या आहेत का, असं त्यांनी एकेक विचारलं. मी एकेकाला नाही म्हटलं. लघवीचा रंग सांगितला. मग त्यांनी विचारलं, खायला काय घालता.

मी सांगितलं. दूध, पोळी, शेव, चकली. त्यांचे हात थांबले. मग त्यांनी विचारलं, कांदा खाते का ही.

"कांदा मी तिला कधीच घातलेला नाही," मी म्हटलं. मला खात्री होती. चिवड्याचा चुरा मी तिला देत नसे, त्यात हिरवी मिरची असायची.

काका माझ्या मागे उभे होते. ते पुढे आले आणि टेबलाच्या कडेला हात टेकवून म्हणाले, "मी घालतो. चिवड्यातला. रोज."

त्यांनी मग सगळं सांगितलं, डॉक्टरांना आणि मलाही, दोघांकडे न बघता. कांद्याने त्यांना करपट ढेकर यायचे, पण कांद्याच्या वासाशिवाय चिवडा त्यांना आवडत नसे. म्हणून ते तळलेला कांदा वेचून बाजूला काढायचे. मांजरीने एक दिवस तो हुंगला आणि खाल्ला. तेलात तळलेला, खारट, कुरकुरीत. तिला आवडतो हे बघून त्यांना बरं वाटलं. टाकून देण्यापेक्षा कोणाच्या तरी पोटात जातो. दोन महिने पुड्यातला सगळा कांदा तिचा होता.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी नीट समजावलं. कांद्यात असं काही असतं की त्याने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून तळलेला असो, फरक पडत नाही. एखाद्या दिवशी तुकडा गेला तर कदाचित कळणारही नाही, पण रोज थोडा थोडा जात राहिला की शरीराला नवं रक्त करायला उसंत मिळत नाही. माणसाला तो पचतो, मांजराला नाही. "लसूणही त्यातलाच," ते म्हणाले.

तेव्हा मी खाली बसले. लसणाच्या शेवेचा चुरा मी माझ्या हाताने, पेपरवरून झटकून, तिच्या पुढ्यात टाकत आले होते. एक वेळ नाही, आठवड्यातून दोन वेळा.

पण बसून राहण्यात अर्थ नव्हता. मी माझ्या घरातला एकेक पदार्थ घेतला आणि डॉक्टरांना विचारत गेले. साधी शेव? तिखट, मीठ, तेल. कणभर पोटात गेली तर मरणार नाही, पण तिच्या काही कामाची नाही आणि रोज दिली तर पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडतील. चकली? तेच. कुरमुरे, नुसते? दोनचार दाण्यांनी काही होत नाही, पण त्यावर मांजर जगत नाही. बिस्किट? तसंच. दूध? लहान पिल्लाला आईचं ठीक, मोठ्या मांजराला बहुतेक वेळा नीट पचत नाही. चॉकलेट? ते कधीच नाही, बिल्डिंगमधल्या पोरांना मुद्दाम सांगा. माझ्यामागे एक शेतकरी बैल घेऊन उभा होता, तरी त्या माणसाने मला एकेकाचं उत्तर दिलं.

"मग खायला घालायचं काय?"

"मासे नाही तर मांस. उकडून, मीठ न घालता."

"आम्ही शाकाहारी आहोत."

"तुम्ही आहात," डॉक्टर म्हणाले. "ही नाही."

त्यांनी तिला इंजेक्शन दिलं, एक टॉनिक लिहून दिलं, चार दिवसांनी परत आणा म्हणाले. जगेल का विचारलं तर म्हणाले, कांदा आजपासून बंद झाला आणि ती खायला लागली तर जगेल.

परतीच्या एसटीत काका रडले. मोठ्याने नाही, नाक पुसत राहिले. मी त्यांना सांगितलं की निम्मं माझं आहे, लसणाचं. तुमच्यापेक्षा जास्तच, कारण चिवडा मी केला, शेव मी केली, आणि कोळीण सांगत होती तेव्हा मी ऐकलं नाही. त्यांनी मान हलवली, पण मला वाटतं त्यांना ते पटलं नाही. बेलापूरला उतरल्यावर त्यांनी टोपली माझ्या हातातून घेतली आणि तीन जिने चढून आमच्या दारापर्यंत आणून दिली.

मासे शिजवायचे कुठे हा प्रश्न होता. यजमान म्हणाले, गॅलरीत कर, तुझी हरकत नसेल तर माझी नाही. मी गॅलरीत जुना रॉकेलचा स्टोव्ह ठेवला, एक वेगळं पातेलं घेतलं, एक वेगळा चमचा. कोळणीला निरोप धाडला. ती दुसऱ्या दिवशी बारीक मासळी घेऊन आली, गॅलरीत बसकण मारून तिने मला दाखवलं कसं साफ करायचं, किती पाण्यात उकडायचं, काटा कसा काढायचा. मी नाकाला पदर लावून बघत होते. सुकी मासळी चालेल का, ती टिकते, असं मी विचारलं. ती हसली, म्हणाली त्यात नुसतं मीठ असतं.

"मी तुला पयल्या दिसापासून सांगतंय बाय, ही मासलीवर वाडलेली हाय. तुजी शेव खाऊन जगनारी नाय."

मी म्हटलं, मावशी, तुमचं बरोबर होतं. असं मी त्या दिवसांत फार लोकांना म्हणत नसे.

पहिल्या दिवशी मांजरीने फक्त पाणी चाटलं. दुसऱ्या दिवशी मी उकडलेली मासळी बोटांनी मऊ करून तिच्या तोंडाशी धरली. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या बोटांना मासळी लागली होती. तिने हुंगलं, एक घास घेतला, मग दुसरा. मी हात साबणाने तीन वेळा धुतला आणि पुन्हा पातेल्याकडे गेले, कारण तिला आणखी हवं होतं.

रविवारी सकाळी सोसायटीची मीटिंग होती, पाण्याच्या टाकीबद्दल. खाली पार्किंगमध्ये सतरंज्या घातल्या होत्या. टाकीचं बोलून झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं की माझ्या फराळाबद्दल लोक काय बोलतात ते मला ठाऊक आहे, तर आता खरं काय ते ऐका. दवाखान्यात काय झालं ते सांगितलं, कांदा मी स्वतः तिला कधी घातला नव्हता हेही सांगितलं. कांदा आणि लसूण यांनी मांजराचं रक्त बिघडतं, डब्यांनी नाही, तेलाने नाही. ज्यांना शंका आहे त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात या, तेलाची बरणी बघा, डबे बघा, मी तळताना उभं राहून बघा.

समोरच्या बाईंनी विचारलं, मांजराला जे विष, ते माणसाला कसं चालेल. प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता. मी म्हटलं, तुमच्या घरात रोज सकाळी कांदा चिरला जातो त्याचा वास माझ्या घरात येतो, तुम्ही सगळे ठणठणीत आहात. म्हैस कडबा खाते, आपण खाऊन बघा. प्रत्येकाचं पोट वेगळं. काही जण हसले. काही नाही हसले. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, पण तुम्हीच म्हणालात की कांदा तुम्ही घालत नव्हता, मग मांजराच्या पोटात गेला कसा.

मी याचं उत्तर ठरवूनच सांगितलेलं नव्हतं. काकांची सून तिथेच बसली होती, मुलगाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका मागच्या सतरंजीवरून उठले.

"कांदा मी घातला," ते म्हणाले. "रोज हिच्याकडून चिवडा घेतो आणि जिन्यात बसून खातो. कांदा काढून मांजरीला घालायचो. चिवडा मी स्वतः खाल्लाय दोन महिने, हा तुमच्यासमोर उभा आहे. हिला काही बोलू नका."

मग ते सुनेकडे वळले आणि म्हणाले, "तुला सांगायला हवं होतं, सांगितलं नाही."

सुनेचा चेहरा लाल झाला होता. ती उठली आणि वर निघून गेली. काका तसेच उभे राहिले, मग सेक्रेटरींनी त्यांना खुर्ची दिली आणि पाण्याच्या टाकीवर पुन्हा चर्चा सुरू केली.

सगळं लगेच पूर्ववत झालं असं मी सांगणार नाही. साखरपुड्याची ऑर्डर आली नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी पुढे कधीच माझ्याकडून काही घेतलं नाही, हसून बोलायच्या मात्र. पण समोरच्या बाई खरंच दोन दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभ्या राहिल्या, तेल बघितलं, डबे बघितले, जाताना अर्धा किलो चकली घेऊन गेल्या. त्यांच्यामागे बाकीच्या आल्या. मी चिवड्याच्या आणि लसणाच्या शेवेच्या प्रत्येक पुड्यात वहीच्या कागदाची एक चिठ्ठी घालायला लागले: 'यात कांदा-लसूण आहे. मांजराला घालू नये.' वाण्याकडे मी पुडे ठेवायचे, तो म्हणाला, असं वाचून कोण घेईल. मी म्हटलं, मांजर नसलेला घेईल, आणि मांजर असलेला सांभाळून खाईल. चिठ्ठी काढायची असेल तर माझा माल ठेवू नका. त्याने ठेवला.

काकांची सून दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग येत नव्हता. तिच्या जागी मी असते तर दोन महिने बोलले नसते. मग एका शनिवारी दुपारी ती वर आली. बसली. पाणी घेतलं. म्हणाली, ते काही ऐकणार नाहीत, चोरून खातीलच, तर तुम्ही त्यांच्यापुरता कमी मिठाचा चिवडा कराल का, कांदा न घालता. मी म्हटलं, दोघी मिळून करू, मीठ किती घालायचं ते तूच ठरव. तिने बाही मागे सारली आणि पोहे भाजायला घेतले. तिचा हातही वाईट नव्हता. आम्ही त्यात डाळं, कढीपत्ता, सुकं खोबरं आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब घातले. तिने वाटीत घेऊन खाली नेला. काकांनी सुनेसमोर, उजेडात, खुर्चीत बसून तो खाल्ला आणि सांगितलं की चांगला आहे पण याला चिवडा म्हणू नका.

मांजरीच्या हिरड्या दहाबारा दिवसांत गुलाबी झाल्या. डॉक्टरांनी दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा त्यांनी तिला टेबलावर धरायला मला दोन्ही हात लावायला सांगितले, इतकी ती निसटत होती. ती पुढे सात वर्षं आमच्याकडे राहिली. गॅलरीतला स्टोव्ह कायमचा झाला. सासूबाई साताऱ्याहून आल्या तेव्हा त्यांनी वास घेतला, गॅलरीत डोकावल्या, मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःचं ताट गॅलरीपासून लांबच्या खोलीत मांडायला सांगितलं आणि पुढे त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

मांजरीला दोन वेळा पिल्लं झाली. दुसऱ्या वेळची चार पिल्लं मोठी झाल्यावर मी ती चांगल्या घरी द्यायची ठरवली. पावणे गावाजवळच्या एका कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. मुलीला मांजर हवं होतं. माणसं फार सभ्य होती, बायकोने पिल्लू पदरात घेतलं तेव्हाच मला ती आवडली. मी त्यांना विचारलं, घरात मासे येतात का. बाई जरा दुखावल्या, म्हणाल्या, नाही हो, आम्ही अंडंसुद्धा खात नाही, ह्याला दूध-पोळीवर छान वाढवू.

मी पिल्लू परत घेतलं. त्यांना बसवलं, चहा दिला, आणि गॅलरीत नेऊन स्टोव्ह दाखवला, पातेलं दाखवलं. म्हटलं, माझ्याही घरात मासे येत नाहीत, फक्त इथे येतात. हे जमणार असेल तर पिल्लू आत्ता घेऊन जा, पहिले आठ दिवस मी येऊन शिजवून दाखवीन. नसेल जमणार तर मुलीला दुसरं काहीतरी घेऊन द्या. नवरा म्हणाला, विचार करून सांगतो. बाईंनी त्याचं ऐकून घेतलं आणि मग मला विचारलं, हे उकडायला साधारण किती वेळ लागतो.